नाकाड्या घराचा नकाशा

गिरगाव, मुंबई
१२ जानेवारी १९५८

ती. सुभद्राआतेस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. एरवी बाबांच्या पत्राच्या तळाशी ‘रुक्मिणीचा नमस्कार’ एवढीच माझी हजेरी असते. आज माझं तुझ्याकडे काम आहे, म्हणून सगळं पान माझं.

माझ्या आर्किटेक्चरच्या वर्गात आम्ही तीन मुली आहोत. परवा सर सांगत होते की कोकणात घर म्हणजे माती आणि वर झावळ्या, बघण्यासारखं काही नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले की आमच्या मालवणच्या घराला माडी आहे, माडीला रंगीत काचा आहेत आणि गोव्याहून आणलेला लोखंडी कठडा आहे. सर शांतपणे म्हणाले, “उत्तम. मग त्याचेच नकाशे काढून आणा. मार्चअखेर.”

आता पंचाईत अशी की मी ते घर शेवटचं पाहिलं तेव्हा सहा वर्षांची होते. मला आठवतात त्या फक्त लाल आणि निळ्या काचा, आणि त्यातून लाल-निळी दिसणारी तू. मी बाबांना म्हटलं, मला बोटीने पाठवा, दोन दिवसांत मोजून येते. ते म्हणाले, एकटी मुलगी बोटीने जात नाही. कॉलेजात चाळीस मुलांमध्ये बसलेली चालते, बोटीवर नाही.

तेव्हा आते, माझे हात-पाय तूच. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी हवी. घर कुणी बांधलं, कधी, कशाचं, तेही लिही. मापं कशानेही घे, मी इथे फूट करून घेईन.

तुझी,
रुक्मिणी


बाजारपेठ, मालवण
२७ जानेवारी १९५८

चि. रुकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मोजायला लागले. माझ्याकडे शिवणाची टेप आहे, पण तिचे पहिले आकडे पुसलेत, म्हणून हातानेच मोजलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. शेवंती आपल्याकडे भांडीधुणी करते, ती खडूने खुणा करत मागून येत होती. चार खोल्या झाल्यावर तिने खडू खाली ठेवला आणि विचारलं, “बाय, खरा सांगा, घर इकतास काय?” मी म्हटलं, मुंबईची भाची परीक्षेला बसलीय. ती म्हणाली, “परीक्षेक घर मापूक लागता? मग पास होतली तेका घर मिळता काय?” एव्हाना ही बातमी मच्छीमार्केटापर्यंत गेली असेल.

घर तुझ्या खापरपणजोबांनी, बाबूशेटांनी बांधलं. त्यांची तीन गलबतं होती. सुपारी, नारळ, काथ्या घेऊन जायची, मस्कतहून खजूर आणायची. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं झाली असतील. आमच्या घरात सांगतात ते असं, की गोव्याच्या एका व्यापाऱ्याने त्यांना आपलं घर दाखवून खिजवलं, म्हणून बाबूशेटांनी इरेला पेटून हे उभं केलं. खरंखोटं देव जाणे. शेटांच्या घरात सगळ्या गोष्टी इरेनेच झालेल्या सांगतात.

खाली सगळं चिऱ्याचं आणि चुन्याचं. पुढे वखार, मागे माजघर आणि स्वयंपाकघर. वर मात्र सगळं सागवान. जमीनही फळ्यांची. फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि राळ इतकी घट्ट ठासलीय की सुई शिरत नाही. धुवायला ही माडी फार सोयीची. मधोमध घागरभर पाणी ओतलं की आपोआप दोन्ही अंगांना जातं आणि भिंतीच्या पायथ्याशी ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. मी सासरी गेले तेव्हा तिथली जमीन धुताना पाणी नुसतंच उभं राहिलं. मला वाटलं, घर बांधणाऱ्याचं काहीतरी चुकलं.

माडीच्या मधोमध एक चौकोनी झाकण आहे. त्यातून वखारीतला माल दोराने वर खेचत. झाकणाला चारी बाजूंनी वीतभर उंच काठ आहे. त्या काठाला ठेचकाळला नाही असा माणूस आपल्या घराण्यात जन्मला नाही.

रस्त्याच्या बाजूची खोली बाहेर आलेली आहे, बाजाराच्या डोक्यावर. मागे रुंद, पुढे निमुळती होत बंदराकडे गेलेली. म्हणून लोक ह्याला नाकाडं घर म्हणतात. टपालवाल्याला शेटांचं घर म्हटलं तर तो थांबतो, नाकाडं म्हटलं की चालू लागतो. नाकाच्या शेंड्याला जो खांब आहे, त्याला नारळी पौर्णिमेला हळदकुंकू लावून आपण नारळ फोडतो आणि मगच बंदरावर जातो. का, ते मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, तिच्या सासूने सांगितलं म्हणून.

मापं वेगळ्या कागदावर आहेत. पुढच्या खोलीचं मागचं अंग बावीस हात, पुढचं नऊ. माडी सध्या मी रिकामी करून घेते आहे. कशासाठी, ते पुढच्या पत्रात.

तुझी आते,
सुभद्रा


गिरगाव, मुंबई
२० फेब्रुवारी १९५८

ती. आतेस,
नमस्कार.

तुझं पत्र मी वर्गातल्या दोघींना वाचून दाखवलं. शेवंतीला म्हणावं, पास झाले तर वखार मी घेणार आणि नाक तिला.

नकाशा काढला आहे, सोबत पाठवते. खाली कोपऱ्यात चौकट असते, तिथे घराचं नाव लिहायचं असतं. मी ‘शेटांचे घर, मालवण’ असं लिहिलंय. पण आते, रागावू नकोस, तुझ्या मापात चुका आहेत. एकाच खोलीची एक बाजू बावीस हात आणि समोरची नऊ, असं होत नाही. टेकायला भिंत नसली की हात घसरतो. मी ती खोली सरळ करून घेतली आहे, दोन्हीकडे सोळा. दिसायलाही बरी दिसते.

दुसरं, पाणी दोन्ही अंगांना जातं असं तू लिहिलंस. म्हणजे जमीन मध्ये उंच आणि कडांना खाली आहे का? किती? एक गोटी मधोमध ठेवून बघशील?

आणि माडी कशासाठी रिकामी करते आहेस?

तुझी,
रुक्मिणी


मालवण
८ मार्च १९५८

चि. रुकूस,
आशीर्वाद.

तुझा सरळ केलेला नकाशा भिंतीला लावलाय. शेवंतीने तो बघितला आणि म्हणाली, “ह्या कोणाचा घर?” नाक कापलेल्या माणसाचा फोटो समोर ठेवावा आणि ओळखा म्हणावं, तसं झालं.

म्हणून पुन्हा मोजलं. ह्या वेळी माझ्या हाताने नाही. आपल्याकडे हौसाबाई मासे घेऊन येते, तळाशीलची. तिची मुलगी जानकी सातवीला आहे. तिने शाळेतून लाकडी फूटपट्टी आणली आणि जमिनीवर लोळून फूट-इंच वाचले. कागदावर अक्षर तिचं आहे. खोली मागे तेहेतीस फूट, पुढे साडेतेरा. आता हात घसरला म्हणायला जागा नाही.

गोटीऐवजी सुपारी ठेवली. मध्ये ठेवली की जरा विचार करते, मग एका अंगाला धावते. मला हे सांगायला तुझी गरज नव्हती. लहानपणी मी आणि गुरुदासदादा, म्हणजे तुझे बाबा, ह्याच जमिनीवर सुपाऱ्यांची शर्यत लावायचो. माझी डावी, त्याची उजवी. दोन्हीकडे उतार चार-चार बोटं. तू विचारलंस म्हणून मोजला.

आता माडीचं. हे तुझ्यापुरतं ठेव. जूनपासून पाच मुली इथे राहायला येणार आहेत. तळाशीलची जानकी, दोघी आचऱ्याच्या, दोघी चिंदरच्या. त्यांच्या गावात सातवीपुढे शाळा नाही. मालवणात आहे, पण खाडी ओलांडून पावसाळ्यात रोज कोण येणार? मुलगे नातेवाइकांच्या पडवीत राहून शिकतात. मुलींना कुणाच्या पडवीत ठेवणार? आयांना मी शब्द दिलाय. हौसाबाई अजून म्हणते, “मॅट्रिक होऊन पापलेट स्वस्त मिळतला काय?” पण गेल्या मंगळवारी तिने मुलीसाठी एक ट्रंक मागून आणली. रिकामी ट्रंक ओटीवर ठेवून गेली.

दादाला अजून कळवलं नाही. माडी त्याची आहे, मला ठाऊक आहे. मुली आल्या, नीट राहिल्या, की मग सांगेन. उभ्या झाडाला नको म्हणणं कठीण असतं, बी पेरू नको म्हणणं सोपं.

तुझी आते


गिरगाव
२५ मार्च १९५८

ती. आतेस,

आते, माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. ती आधी लिहिते, म्हणजे बाकीचं लिहिता येईल.

तुझी मापं घालून जमिनीचा छेद काढला. मध्ये उंच, दोन्ही भिंतींशी चार-चार बोटं खाली. सरांनी तो बघून मान हलवली. म्हणाले, जुनं घर आहे, दोन्ही बाजूंच्या भिंती खचल्या, मधले खांब जागेवर राहिले, म्हणून जमिनीला पाठ आली. एखाद्या पावसाळ्यात वरचा मजला येईल खाली. मला शाबासकी दिली की तीनशे मैलांवरून दोष ओळखलास. मी खुशीत घरी आले, नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि हात धुवायला गेले. परत आले तर बाबा त्याच्यावर वाकून उभे होते.

ते रात्रभर जागे होते. सकाळी एवढंच म्हणाले, “सुभा तिथे एकटी झोपते.” मे महिन्यात ते बोटीने येणार आहेत. कुडाळच्या एका कंत्राटदाराला त्यांनी पत्र घातलंय. पावसाआधी माडी उतरवायची आणि वर पत्रे घालायचे, असं ठरलंय.

मुलींचं मी सांगितलं नाही. तू तसा शब्द घेतला होतास. पण आता वाटतं, सांगायला हवं होतं का? मला काही कळेनासं झालंय. तुझ्या घराचं कौतुक करायला निघाले आणि तेच पाडायला कारण झाले.

रुक्मिणी


मालवण
६ एप्रिल १९५८

चि. रुकूस,

तुझं पत्र मी माडीवर बसून वाचलं. तुझ्या कागदावर घर पडलंय आणि मी त्यात बसून चहा पितेय. म्हणजे एकतर घर खोटं किंवा कागद. दोन्हींवर माझा जीव, म्हणून भांडत नाही.

तू रडू नकोस. तू विचारलंस ते मी सांगितलं, मी सांगितलं ते तू काढलंस. ह्यात लबाडी कुणाची नाही.

दादाला लिहायला तीनदा बसले. जमलं नाही. तुला एक सांगते. मी चौथी पास झाले तेव्हा शाळा थांबली, कारण पुढची शाळा मुलग्यांची होती. दादा सहावीत होता. तो संध्याकाळी नाकाच्या खोलीत मोठ्याने धडे वाचायचा आणि मी झाकणाच्या काठावर बसून सुपारी कातरत ऐकायची. सहावी, सातवी, पुढे इंग्रजीही, सगळं मी पाठमोरी शिकले. त्याला वाटायचं, मी सुपारी कातरते. वीस वर्षांची असताना विधवा होऊन ह्याच घरी परत आले, तेव्हाही तो एका शब्दाने उणं बोलला नाही. अशा माणसाकडे मी कधी काही मागितलं नाही. मागायची सवयच नाही, म्हणून शब्द सापडत नाहीत.

त्याला भीती माझ्यासाठी वाटते आहे, हे मला कळतं. म्हणूनच त्याच्याशी लढायचं तरी कसं?

जानकीची परीक्षा झाली. ट्रंक ओटीवर आहे.

आते


मालवण
१९ मे १९५८

चि. रुकूस,
खूप खूप आशीर्वाद.

तुझे बाबा आज सकाळच्या बोटीने निघाले. हे पत्र त्यांच्या आधी पोचणार नाही, पण त्यांच्या तोंडून तुला अर्धंच कळेल. ते बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढताना मागे वळून हसत होते आणि त्या नादात एक पाय पाण्यात गेला, हे ते नक्कीच सांगणार नाहीत.

चौदा तारखेला ते आले. आल्या आल्या माडीवर गेले आणि काठाला ठेचकाळले. दुसऱ्या दिवशी कंत्राटदार आला, तोही ठेचकाळला. त्याने भिंती ठोकल्या, तुझा नकाशा बघितला आणि म्हणाला, पोरीने बरोबर काढलंय, पंधरा दिवसांत उतरवू. मी खाली भाकऱ्या भाजत होते. त्या दिवशी तीन करपल्या. शेवंतीने त्या कुत्र्याला घातल्या.

तुळया उतरवायला सुतार हवा. पण मे महिन्यात घरं शाकारायची कामं, एक सुतार मोकळा मिळेना. म्हणून कंत्राटदाराने सर्जेकोटहून दाजी मेस्त्रींना आणलं. सत्तरीचा माणूस, जन्मभर गलबतं बांधलेली, घराचं काम कधी केलेलं नाही. कंत्राटदार म्हणाला, बांधायचं नाही, नुसतं सोडवायचंय, कोणीही चालेल.

दाजींनी वहाणा जिन्याखाली काढल्या. वर आले आणि नाकाच्या खोलीकडे चालू लागले. डोळे वर तुळयांकडे. रुकू, मी त्यांच्या पायांकडे बघत होते. झाकणाशी त्यांचा पाय आपसूक उचलला गेला, काठावरून पलीकडे पडला, आणि खाली बघितलंदेखील नाही. ह्या घरात न ठेचकाळलेला मी पाहिलेला हा पहिला माणूस.

नाकाच्या शेंड्याशी जाऊन त्यांनी खांबावर हात ठेवला. हळदीचे जुने डाग होते. मग खाली बसले आणि हसायला लागले. दादाला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. तो पाणी आणा म्हणाला. दाजी म्हणाले, “पाणी कित्याक? शेटानू, माका येक सांगा. ह्येचो नांगर खंय आसा?”

कुणाला काही कळेना, घराला कुठला नांगर? तेव्हा ते दादाला म्हणाले, “ह्या घर न्हय. ह्या गलबत.”

मग त्यांनी दाखवायला सुरुवात केली. गलबताची वरची जमीन नेहमी मध्ये उंच ठेवतात, लाट आत आली तर पाणी दोन्ही अंगांना पळावं म्हणून. सांध्यात कापूस-राळ त्यासाठीच. पायथ्याची भोकं पाण्याची वाट. झाकणाला काठ, म्हणजे पाणी मालावर जाऊ नये. आणि निमुळती खोली म्हणजे नाळ, गलबताचं पुढचं टोक. कंत्राटदार म्हणाला, असेल, पण खचलं नाही कशावरून? दाजींनी दोरी मागितली. मी नऊवारी वाळत घालायची दोरी सोडून दिली. ती भिंतीपासून भिंतीपर्यंत मधल्या उंचीवर ताणली आणि कडेला बोटं मोजली. चार. समोर चार. मग पुढच्या तुळईवर, मग त्यापुढच्या. अकरा तुळया, बावीस टोकं, सगळीकडे चार. दाजींनी झाकण उघडून जमिनीखालची तुळई दाखवली आणि म्हणाले, “खचणारा घर मोजून खचता काय? आणि ही तुळय बघा. वाकली नाय, वाकडीच तासलेली आसा.” तुळईच्या पोटाशी तासणीच्या खुणा होत्या, सगळ्या त्या बाकाबरोबर गेलेल्या. आपण ऐंशी वर्षं तिच्याखाली झोपलो आणि वर बघितलं नाही.

दाजींच्या आजाने ह्या कामावर हात चालवला होता. त्यांच्या घरी गोष्ट राहिली, आपल्या घरी ती विसरली. बाबूशेटांनी सर्जेकोटला चौथं गलबत घातलं होतं, तिन्हींपेक्षा मोठं. मलबारचा साग येऊन पडला, सांगाडा उभा राहिला. त्याच श्रावणात त्यांचं एक गलबत वेंगुर्ल्याच्या खडकांवर गेलं. माणसं वाचली, पण बाबूशेट स्वतः दोन दिवस फळीला धरून होते. घरी आले आणि म्हणाले, नवीन झालं की पुन्हा निघतो. तेव्हा त्यांची बायको यशोदा चूल, तांदूळ आणि पाटावरवंटा घेऊन त्या अर्ध्या गलबतात जाऊन बसली. म्हणाली, हे जाईल तिथे मी जाईन, नाहीतर हे माझ्या दारात आणा. सुतारांना तिने पाच दिवस जेवू घातलं, नवऱ्याला नाही. सहाव्या दिवशी बाबूशेटांनी लाकूड बैलगाड्यांत भरलं. सुतारांना घर बांधता येत नव्हतं. त्यांना येत होतं तेच त्यांनी बांधलं आणि शेट अगदीच हिरमुसू नयेत म्हणून नाळ बंदराकडे ठेवली.

हे ऐकून कंत्राटदार म्हणाला, गोष्ट छान आहे, पण मग उतरवायचं की नाही? दाजींनी तासणी पिशवीत घातली आणि म्हणाले, “तरता गलबत फोडूचा नसता. आमच्यात तो नेम आसा. दुसरो कोण बघा.” आणि वहाणा घालायला खाली गेले.

सगळे गेल्यावर दादा तिथेच उभा होता. मग तुझ्या बाबांनी, त्या इस्त्रीच्या पाटलोणीसकट, उकिडवं बसून माझ्या डब्यातून दोन सुपाऱ्या काढल्या. म्हणाला, “तुझी डावी, माझी उजवी.” माझी जिंकली. तो म्हणाला, तू नेहमी आधी सोडायचीस. मी नाही म्हटलं नाही.

सुपारी शोधायला तो कडेला वाकला, तेव्हा त्याला भिंतीशी मांडलेल्या पाच चटया दिसल्या. त्याने विचारलं आणि मी सांगितलं. सगळं. झाकणाच्या काठावर बसून सांगितलं, तिथे मला बोलणं सोपं गेलं. शेवटी म्हटलं, “दादा, मी तुझे सगळे धडे हयसरच बसून ऐकलंय. ह्या पोरींका पाठमोऱ्या शिकूक लागू नये, इतक्याच माका व्हया.”

तो बराच वेळ सुपारी बोटात फिरवत होता. मग म्हणाला, “माका वाटायचा, तू सुपारी कातरतस.” आणखी थोड्या वेळाने म्हणाला, “पाचच? हयसर सात सहज झोपतील.”

तुझी आते


गिरगाव
२ जून १९५८

ती. आतेस,

मी पत्र वाचताना हसले, रडले आणि पुन्हा हसले. बाबा बाजूला पेपर वाचायचं सोंग करत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान तेच होतं. पाय पाण्यात गेल्याचं त्यांनी खरंच सांगितलं नाही. आईने ओल्या बुटावरून ओळखलं.

मी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तीनशे मैलांवरून दोष ओळखणारे आपण दोघंही शहाणे.” मग विचारलं, सुट्टीत तिथे राहण्याची सोय होईल का? मी सांगितलं, आमचं गलबत सध्या भरलेलं आहे.

नवा नकाशा पाठवते. नाक जसंच्या तसं, मागे तेहेतीस, पुढे साडेतेरा. उतार चार बोटं. मी फूट-इंच केले नाहीत, बोटंच लिहिली आहेत. कोपऱ्यातली नावाची चौकट रिकामी ठेवलीय. ‘शेटांचे घर’ लिहायला पेन उचललं, पण ते आता बरोबर वाटेना. तूच सांग काय लिहू.

रुक्मिणी


मालवण
नारळी पौर्णिमा, शके १८८०

चि. रुकूस,
आशीर्वाद. सातही मुलींचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण माझ्या घरात आता दौतीवर माझा नंबर आठवा असतो. दादाने सांगितल्याप्रमाणे सात झाल्या. दोघींच्या घरून होकाराची पत्रं त्यानेच आणवली, मसुऱ्याच्या आहेत. साऱ्या पहिल्या आठवड्यात ठेचकाळल्या, जानकी सोडून. तिचा बाप होडीवर असतो.

आषाढात मोठं वादळ झालं. शाळा सुटून मुली वर होत्या आणि माडीवरची दहा-बारा कौलं उडाली. पाणी असं धो धो आत आलं की मी जिन्यातच पदर खोचला. वर जाऊन बघते तर सातही जणी मधोमध झाकणाच्या काठावर कोंबड्यांसारख्या बसलेल्या, वह्या हौसाबाईच्या ट्रंकेत, आणि पाणी दोन्ही अंगांना निमूट चाललेलं, भोकांतून रस्त्यावर. खालून वाणी ओरडत होता की शेटांनी नळ सोडला काय. एक वही भिजली नाही. जानकीने पाण्यात हात घातला आणि म्हणाली, “आते, आता गलबताक पाणी लागला. आता नाव ठेवूक व्हया.” तिच्या गावात होडीला पाणी लागल्याशिवाय नाव देत नाहीत आणि लागल्यावर दिल्याशिवाय राहत नाहीत.

मी म्हटलं, यशोदा ठेवा, तिच्यामुळे हे इथे आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

आज सकाळी नारळ फोडायला मी नाकाच्या खोलीत गेले, तर खांब आधीच हळदकुंकवाने माखलेला. दाजी मेस्त्री येऊन गेले होते. मुलींनी त्यांना सर्जेकोटहून बोलावलं, मला पत्ता न लागू देता. खांबाच्या वर तुळईवर त्यांनी ताजं नाव कोरलंय. त्या अक्षरांचं लाकूड आतून अजून तांबूस आहे, सागाचा वास येतो. हौसाबाई जिन्यात उभी होती, मासे तसेच टोपलीत. तिने मुलीला विचारलं, काय लिवलां ता वाच. जानकीने मोठ्याने वाचलं.

मी म्हटलं, हे बरं नव्हे, मला विचारायचं होतंत. जानकी म्हणाली, “गलबताक कोण विचारता?”

तर कोपऱ्यातली चौकट भरून टाक. ‘सुभद्रा’, मालवण. खाली बारीक अक्षरात ‘नाकाडं घर’ असंही लिही, नाहीतर टपाल पोचणार नाही.

आणि दिवाळीला ये. बोट सुरू झालेली असेल. एकटी ये. तुझ्या बाबांना मी लिहिलंय, पाठव म्हणून. मागितलं की मिळतं, हे मला जरा उशिराच कळलं.

तुझी आते